सिस्टर, एक विचारू? : सहावा पेशंट कुणाचा

मागच्या अंकात बोलता बोलता एक वाक्य लिहून गेले, की कॅलिफोर्नियात जनरल वॉर्डातल्या सिस्टरकडे पाचाच्या वर पेशंट द्यायला कायद्यानं बंदी आहे. त्या एका वाक्यावर जेवढी पत्रं आली, तेवढी मधुमेहाच्या पायावरच्या अख्ख्या लेखावर आली नव्हती. तेव्हा या महिन्यात गुडघेदुखीवाल्यांनी मला माफ करावं. चार पत्रं घेते.

प्रश्न : मी जीएनएम (जनरल नर्सिंगचा डिप्लोमा झालेली नर्स) आहे, खासगी हॉस्पिटलात तिसरं वर्ष. नाइटला मी आणि एक एएनएम (छोट्या कोर्सची सहायक नर्स), पेशंट २६. तुम्ही लिहिलेले ते पाच खरंच पाच असतात, की इन्स्पेक्शनपुरते? आणि पाच झाल्यावर सहावा आला, तर तो जातो कुठे?
— एक स्टाफ नर्स, सोलापूर

अगं, तुझा दुसरा प्रश्न मला जास्त आवडला. पंचवीस-सव्वीस वर्षं कॅलिफोर्नियात नर्स म्हणून काढली, पण भारतातून कुणी हे विचारलं नव्हतं. सगळे पगार विचारतात.

आधी पहिल्याचं उत्तर. मी मिरजेला शिकले आणि मुंबईत एका मोठ्या हॉस्पिटलात चार वर्षं काढली. चाळीस खाटांचा वॉर्ड, खाली गाद्या टाकून आणखी पंधरा. नाइटला आम्ही दोघी आणि एक स्टुडंट. त्यामुळे १९९२ साली कॅलिफोर्नियात पहिल्या नाइटला हातात आठ नावांचा कागद पडला, तेव्हा मला वाटलं, बाकीची पानं द्यायची राहिली.

हा आठाचा स्वर्ग दोन-तीन महिने टिकला. मग लक्षात आलं की माझ्या मुंबईच्या वॉर्डात स्टाफ तीन नव्हता, पन्नास होता. प्रत्येक खाटेजवळ एक बहीण, एक भाचा, एक सासू बसलेली असायची. सलाईन संपत आलं की "सिस्टर, बाटली!" अशी हाक यायची. पाणी पाजणं, बेडपॅन देणं, रात्री ताप वाढला की कपाळाला हात लावून बघणं, सगळं तेच करायचे. कॅलिफोर्नियात नातेवाईक आठ वाजता "गुड नाइट" म्हणून घरी जातात. शिवाय बरा असलेला पेशंट तिथे वॉर्डात राहतच नाही, त्याला तिसऱ्या दिवशी घरी पाठवतात. म्हणजे उरलेले आठच्या आठ खरे आजारी. तुझे २६ आणि माझे ८ यांची तुलना करताना हे ध्यानात ठेव. तुझं ओझं यानं कमी होत नाही, एवढंच की आकडा नुसता उचलून इकडे आणता येत नाही.

२००१ सालची एक रात्र सांगते. माझ्याकडे नऊ पेशंट. चौदा नंबरच्या खोलीत साठीचे गृहस्थ, आतड्याचं ऑपरेशन होऊन दुसरा दिवस. पोटातून निघालेल्या नळीच्या टोकाला लिंबाएवढा प्लास्टिकचा फुगा असतो, त्यात स्राव साचतो. बारा वाजता बघितला तर तळाशी चहाच्या रंगाचं थोडं पाणी, ठीक होतं. अडीचला सहा नंबरच्या छातीत दुखायला लागलं. ईसीजी, रक्त, डॉक्टरांना फोन, त्याला आयसीयूत हलवणं. चौदा नंबरच्या दारात पोचले तेव्हा चार वाजून चाळीस मिनिटं झाली होती. फुगा टम्म, लालभडक. चादरीखाली हात घातला तर गादी ओली आणि गरम. बीपी वरचं ८४.

ते वाचले. परत थिएटरमध्ये नेलं, आठवड्यानं चालत घरी गेले, मला चॉकलेटचा डबा देऊन. सकाळी मला घटना-नोंदीचा फॉर्म भरायला दिला. शेवटचं कधी बघितलं, कठडे वर होते का, डॉक्टरांना किती वाजता कळवलं, सगळ्याला रकाने. माझ्याकडे किती पेशंट होते, याला रकाना नव्हता. मी समासात लिहिलं, "नऊ." मॅनेजरबाईंनी पेन्सिलनं त्याला गोल केला आणि बाजूला लिहिलं, "इथे लागू नाही."

कायदा खरं म्हणजे तेव्हा झालेला होता. १९९९ मध्ये गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांनी त्यावर सही केली होती, पण आकडे ठरवायचं काम आरोग्य खात्याकडे होतं. हॉस्पिटलांच्या संघटनेनं जनरल वॉर्डासाठी मागितलं एका सिस्टरला दहा, नर्सेसच्या युनियननं मागितलं एकीला तीन. मंडईत बसल्यासारखं. शेवटी १ जानेवारी २००४ पासून सहा आणि वर्षभरानं पाच, असं ठरलं. अपघात विभागात चार. आयसीयूत दोन, ते आधीपासूनच होतं.

आता ते पाच खरे की दाखवायचे? खरे. आणि ते खरे राहिले ते नियमातल्या दोन बारीक ओळींमुळे. पहिली ओळ : सरासरी काढायची नाही. दिवसा चार आणि रात्री सहा, म्हणजे पाच झाले, हा हिशोब चालणार नाही. दुसरी ओळ : प्रमाण सदासर्वकाळ पाळायचं, म्हणजे सिस्टर जेवायला गेली तरी. यावर हॉस्पिटलवाले कोर्टात गेले. जेवणाच्या अर्ध्या तासासाठी वेगळी नर्स कुठून आणायची, हे त्यांचं म्हणणं. सॅक्रामेंटोच्या कोर्टात २००४ मध्ये ते हरले.

त्यानंतर आमच्या मजल्यावर "ब्रेक नर्स" आली. तिचं काम एकच, एकेकीचे पेशंट अर्धा तास सांभाळायचे. पहिल्या रात्री तिनं माझा कागद हातात घेतला आणि म्हणाली, जा. मला कुठे जायचं ते कळेना. बारा वर्षं मी औषधांच्या खोलीत उभ्यानं पोळीचा रोल खाल्ला होता, एक कान बेलकडे. त्या रात्री स्टाफरूममध्ये बसून डबा उघडला, मटकीची उसळ होती. शेजारी फिलिपिनो मैत्रीण, ती पण माझ्यासारखीच घड्याळाकडे बघत खात होती. दहा मिनिटांत जेवून आम्ही दोघी परत गेलो. ब्रेक नर्सनं हाकललं.

(मध्येच गव्हर्नर बदलले. श्वार्झनेगर, तेच सिनेमातले. २००४च्या नोव्हेंबरात त्यांनी सहावरून पाचावर जाणं पुढे ढकललं. नर्सेस जाब विचारायला त्यांच्या कार्यक्रमात गेल्या, तर भर व्यासपीठावरून ह्या हितसंबंधी मंडळी आहेत आणि मी यांना नेहमी लाथाडतो म्हणून यांना मी आवडत नाही, अशा अर्थाचं बोलले. मग वर्षभर ते जातील तिथे आमच्या बायका पाटी घेऊन हजर. मार्च २००५ मध्ये कोर्टानं त्यांचा आदेश उडवला आणि पाच लागू झाले. मी दोनदा गेले होते पाटी घेऊन. घरी सांगितलं नव्हतं.)

आता सहावा पेशंट. पूर्वी तो माझ्याकडे यायचा. मी "नाही" म्हटलं असतं तर मी आळशी, भांडकुदळ, "टीम प्लेयर नाही." कायद्यानंतर इन्चार्ज फोन उचलायची आणि सुपरवायझरला सांगायची, माझ्या पाचही सिस्टर भरल्यात, माणूस पाठवा. एवढंच. आवाज चढवायची गरज नाही. मग सुपरवायझर दुसऱ्या वॉर्डातून कुणाला हलवायची, एजन्सीला फोन लावायची, एकदा तर स्वतः बूट बदलून वर आली आणि तिनं दोन पेशंट घेतले. इन्चार्ज नुसती टेबलाशी बसली असेल तर ती प्रमाणात धरत नाहीत, हेही नियमात आहे.

आणि कुणीच मिळालं नाही तर? तर तो पेशंट खाली अपघात विभागात ट्रॉलीवर पडून राहतो, कधी कधी सकाळपर्यंत. हे लपवून ठेवण्यासारखं नाही. तिथल्या सिस्टर आमच्या नावानं बोटं मोडायच्या, कारण त्यांच्या चारांत तो अडकलेला. पण व्यवस्थापनाला तो तिथे दिसायचा. माझ्या नवव्या खोलीत तो त्यांना कधी दिसला नव्हता.

गंमत म्हणजे या कायद्यात बरीच वर्षं ठरलेला दंडच नव्हता. तो २०२० पासून आला, पहिल्या वेळी १५,००० डॉलर आणि पुढे ३०,०००. तोवर काम चाललं ते लेखी नोंदीच्या जोरावर. जास्त पेशंट दिले की युनियनचा एक फॉर्म भरायचा : हे काम मी हरकत नोंदवून स्वीकारते आहे. नकार नाही, पेशंटला सोडणं नाही. फक्त तारीख, वेळ, पेशंट किती, आम्ही किती.

तुझ्याकडे युनियन नाही, असं पत्रात लिहिलंयस. पण हँडओव्हरचं रजिस्टर असेल. नाइट सुरू होताना पहिल्या ओळीत निळ्या शाईनं लिही : पेशंट २६, जीएनएम १, एएनएम १. कुणाची तक्रार नाही, शेरा नाही. रोज लिही. माझ्या फॉर्मवर जो रकाना नव्हता, तो तू पाडून ठेव.

प्रश्न : मी तालुक्याच्या गावी ३० खाटांचं हॉस्पिटल चालवतो. तुमच्या लेखनाबद्दल आदर आहे, पण असे कायदे इथे आणले तर आमच्यासारख्यांना टाळं लावावं लागेल. आणि तसं पाहिलं तर माझ्याकडे ३० खाटांना ९ सिस्टर आहेत, म्हणजे १:३ च्या जवळपास. कॅलिफोर्नियापेक्षा चांगलं!
— एक सर्जन, मराठवाडा

डॉक्टर, ते शेवटचं उद्गारचिन्ह काढा.

नऊ सिस्टर मस्टरवर आहेत. आठवड्याची सुट्टी धरली तर रोज कामावर सात-आठ. तीन पाळ्यांत वाटा, एका वेळी अडीच. एकीच्या पोराला ताप आला की दोन. नाइटला बहुधा दोनच असतील, खरं ना? ३० खाटा भरल्या तर एकीला पंधरा. सरासरी काढायची नाही ही ओळ तिथल्या नियमात का घातली, हे मला तुमच्या पत्रापेक्षा चांगलं समजावता आलं नसतं.

पण तुमची भीती खोटी नाही. हिशोब मांडूनच बघू. ३० पेशंट, एकीला पाच, म्हणजे पाळीला सहा आणि दिवसाला अठरा. रजा, आजारपण, बाळंतपण यासाठी इंडियन नर्सिंग कौन्सिल ३० टक्के वर धरायला सांगतं. झाल्या चोवीस. सुप्रीम कोर्टाच्या २०१६च्या आदेशानंतर केंद्रानं जी समिती नेमली, तिनं पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी हॉस्पिटलात नर्सचा पगार किमान २०,००० असावा, अशी शिफारस केली. म्हणजे महिना चार लाख ऐंशी हजार. या आकड्यानं तुमची झोप उडणारच. माझीही उडाली असती.

मात्र प्रमाण खाटांचं नसतं, पेशंटचं असतं. तुमच्या तीस खाटा वर्षभर भरलेल्या असतात का? अठरा भरत असतील तर पाळीला चार सिस्टर लागतात. शिवाय कॅलिफोर्निया हा एकच नमुना नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडनं जुलै २०१६ पासून सरकारी हॉस्पिटलांच्या ठरावीक वॉर्डांत सकाळ-दुपार एकीला चार आणि रात्री सात असं ठेवलं. तुम्ही दिवसा पाच आणि रात्री सात धरा : चार, चार आणि तीन, अकरा. रजेची भर घालून पंधरा. नवाचे पंधरा करणं अवघड आहे, पण टाळं लावण्याएवढं नाही.

क्वीन्सलँडचा अभ्यास २०२१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. प्रमाण लागू झालेल्या २७ हॉस्पिटलांची तुलना न झालेल्या २८ शी केली होती. पेशंट लवकर घरी गेले, परत भरती होणं बाकीच्या हॉस्पिटलांत वाढलं तसं इथे वाढलं नाही, आणि त्यातून वाचलेला पैसा जास्तीच्या सिस्टरांवरच्या खर्चाच्या दुपटीहून जास्त निघाला. लगेच नाचू नका. तिथे पैसा सरकारचा, बचतही सरकारची. तुमच्याकडे पेशंट एक दिवस आधी गेला तर बिल एका दिवसानं कमी होतं. सिस्टर वाढवण्याचा खर्च तुमचा आणि फायदा पेशंटच्या खिशाला, ही खरी अडचण आहे, आणि ती नुसत्या कायद्यानं सुटत नाही. विमा योजनेचे दर ठरवणाऱ्यांनी त्यात सिस्टर मोजली पाहिजे.

पगाराचंही सांगते, म्हणजे लपवलं असं नको. कायदा झाल्यावर सगळी हॉस्पिटलं एकदम नर्स शोधायला लागली. २००० ते २००६ या काळात कॅलिफोर्नियाच्या शहरांत नर्सचे पगार बाकी राज्यांतल्या शहरांपेक्षा काही ठिकाणी १२ टक्क्यांपर्यंत जास्त वाढले. तुम्ही याला तोटा म्हणाल. मी तेव्हा घराचं कर्ज फेडत होते, त्यामुळे माझं मत विचारू नका.

आणि तुमची बाजू जिंकलेलीही आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये २०१८ च्या नोव्हेंबरात हाच प्रश्न लोकांच्या मतदानाला टाकला होता. दहातल्या सुमारे सात जणांनी नको म्हटलं. छोटी हॉस्पिटलं बंद पडतील, हा प्रचार चालला. नर्सेसमध्येही दोन तट पडले.

एक आठवण देऊ? आपल्या राज्याचा शुश्रूषागृह नोंदणीचा कायदा १९४९ चा आहे. त्यातच लिहिलंय की पात्र परिचारिकांचं योग्य प्रमाण नसेल तर नोंदणी नाकारता येते. मूळ कलमात आकडा नाही, "योग्य" एवढंच. कित्येक दशकं आपण सगळ्यांनी त्या एका शब्दावर निभावून नेलं.

प्रश्न : प्रमाणात एएनएम धरतात का?
— एएनएम, नांदेड

तिथे तुमच्यासारख्याच छोट्या कोर्सच्या नर्सेस असतात, एलव्हीएन म्हणतात. कायद्यानं त्या प्रमाणात निम्म्यापर्यंत धरता येतात. पण पेशंटची पहिली तपासणी आणि शिरेतली बरीच औषधं त्यांना करता येत नाहीत. म्हणजे तिच्या पाच पेशंटांचं ते काम शेजारच्या स्टाफ नर्सवर. आमच्या हॉस्पिटलनं हळूहळू एलव्हीएन घेणं बंद केलं. जीएनएमसाठी पुढे शिकायची संधी मिळाली तर सोडू नका.

प्रश्न : माझी आई २२ वर्षं हॉस्पिटलात मावशी म्हणून काम करते. सिस्टर वाढवायचा कायदा झाला तर मालक पहिल्यांदा मावशींनाच काढतील, असं ती म्हणते. तिकडे काय झालं?
— एक वाचक, इचलकरंजी

तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. त्या अर्थशास्त्र शिकल्या नसतील, पण प्रश्न बरोबर धरलाय.

आमच्या मजल्यावर कायद्याआधी रात्री तीन नर्सिंग असिस्टंट असायच्या. मोठे अभ्यास सांगतात की शिकलेल्या नर्सेसचं प्रमाण कॅलिफोर्नियात घसरलं नाही, उलट वाढलं. ते खरं आहे. त्या वाढीची किंमत आमच्याकडे कुणी दिली, तेही मी डोळ्यांनी बघितलं. तिनातली एक २००४ च्या उन्हाळ्यात गेली, दुसरी पुढच्या वर्षी. दुसरी मेक्सिकोची होती, माझ्यापेक्षा वयानं मोठी, मी मनातल्या मनात तिला मावशीच म्हणायचे. लकवा झालेल्या माणसाची कूस कशी बदलायची, हे मला तिनं शिकवलं होतं. आधी त्याचा पलीकडचा गुडघा उभा करायचा, मग खांदा आणि कंबर एकदम आपल्याकडे घ्यायची, आणि ओढताना आपला श्वास सोडायचा. कॉलेजात हे चित्रात होतं, तिच्या हातात ते खरं होतं. तिला किचनमध्ये ट्रे लावायला पाठवलं.

मग माझ्याकडे पेशंट पाच, पण पाचांची आंघोळ, पाचांची चादर, पाचांची कूस माझीच. तरीही आकडे असं सांगतात की कायद्यानंतर तिथल्या नर्सेसना कामावर होणाऱ्या दुखापती जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यानं कमी झाल्या. मला पटतं ते. पाच माणसं उचलणं आणि नऊ माणसं घाईघाईत उचलणं यात पाठ दुसऱ्यात जाते. पण तिसरी मावशी एकटी उरली होती, आणि तिची पाठ कुठल्या हिशोबात धरली होती, मला ठाऊक नाही. कायद्यात तिच्यासाठी ओळ नव्हती.

म्हणून आपल्याकडे कुणी मसुदा करायला बसलं तर मावशी आणि मामांचा आकडा त्याच पानावर हवा, असं माझं म्हणणं आहे. युनियनच्या सभेत मी हे एकदा बोलले होते. टाळ्या पडल्या आणि पुढचा विषय घेतला गेला.

तुमच्या आईंना एक विचारून ठेवा : एका पाळीत त्या किती जणांची कूस बदलतात, आणि त्यातल्या किती वेळा दुसरं कुणी हात लावायला असतं? आठवडाभर कागदावर रेघा मारल्या तरी चालेल. मला पाठवा, नाव न घालता पुढच्या महिन्यात छापते.